बाजूची मोकळी जागा

पलीकडच्या प्लॉटवर ढबाल्यांनी चार मजले चढवले
त्या वर्षी माझे एकोणीस गुलाब गेले.
एकदम नाही.
आधी कळ्या धरेनाशा झाल्या, मग पानं पिवळी,
आणि मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन
त्या भिंतीच्या नावानं बोटं मोडत उभी.

नगररचनेत एकतीस वर्षं टायपिंग केलं मी.
‘बाजूची मोकळी जागा, किमान दीड मीटर’
हे माझ्याच बोटांनी किती कागदांवर उतरलं असेल!
ऊन कुणाचं, ते मात्र
एकाही परिशिष्टात नव्हतं.

आणि गंमत बघा,
सेहेचाळीस डिग्रीच्या या गावात
जिथं स्कूटरवाले लाल सिग्नलच्या पन्नास पावलं अलीकडे थांबतात,
एका कडुलिंबाखाली दाटीवाटीनं,
तिथं मी सावलीविरुद्ध अर्ज केला.
साहेबांनी वाचला, चष्मा काढला.
मॅडम, म्हणाले, लोक आमच्याकडे उलटं मागायला येतात.

गोकुळपेठेच्या बाजारात सलामेबाई बसते, देवलापारची.
तिच्याकडनं घेतलेले कंद मी गच्चीवर वाळवून मारले होते.
“उनात काहून ठेवलं वो बाई?
जंगलात काय ऊन खालपर्यंत येते का?
हे घे सात गाठी. खोल नोको गाडू. वरून पाला टाक.
अन् रोज रोज उकरून पाहू नोको.”

मग मी पोतं घेऊन सेमिनरी हिल्सला जाऊ लागले.
लोक फिरायला येतात, मी पाचोळा भरते,
सागाचं पान पोत्यात पापडासारखं मोडतं.
झाडूवाला शैलेश आता ढीग पेटवत नाही,
मी दिसेपर्यंत काडीपेटी खिशात ठेवतो.

श्रावणात त्या दीड मीटरमध्ये
पेव वर आला, आपल्याच खोडाभोवती
पानांचा गोल जिना चढवत,
नकाशा मंजूर नसताना.
रानहळदीनं गुलाबी टोपण उघडलं.
कूलरची टाकी जिथं ठिबकते
तिथं नेचा आला, त्याला मी बोलावलंही नव्हतं.

दिवाळीनंतर सगळं झोपलं.
झोपलं म्हणते मी आता. तेव्हा मेलं म्हटलं होतं.
मुलगा पुण्याहून म्हणाला, पेव्हर ब्लॉक टाक, गाडी लागेल.
फेब्रुवारीत एका रात्री टॉर्च घेऊन
मी एक गाठ उकरलीच.
घट्ट, थंड, बटाट्याइतकी साधी.
चोरासारखी परत पुरली.
सलामेबाईला सांगितलेलं नाही.

मे महिना. कूलरचा घरघराट, दुपारी रस्ते ओस,
नळाचं पाणी सकाळी नऊलाच चटका देणारं.
आणि तडकलेल्या मातीतून,
देठ नाही, पान नाही, पूर्वसूचना नाही,
भुईचाफा.
दोन पाकळ्या पांढऱ्या, दोन जांभळ्या,
वासाला किंचित आलं.
माझे गुडघे उकिडवं बसू देत नाहीत,
म्हणून भिंत धरून, अर्धी वाकून पाहत होते.

“आजी, काय फुटलं तिथं?”
तिसऱ्या मजल्याच्या ग्रिलमधून ढबाल्यांची कनक.
मी नाव सांगितलं.
“इथून मस्त दिसतंय,” ती म्हणाली, “अख्खं!”
बरोबर आहे. जमिनीला चिकटलेलं फूल
वरूनच अख्खं दिसणार.
चार मजल्यांवर हळूहळू आठ-दहा डोकी.
गुलाबांना एवढी माणसं कधी जमली नव्हती.
मला थोडा रागच आला.

संध्याकाळी ते लोळागोळा झालं होतं.
मी जागेवर आइस्क्रीमची काडी खोचत होते, तारीख घालून.
“गेलं का, आजी?”
खाली आहे, म्हटलं.
“किती खाली?”

मी मान वर केली
आणि तिला दोन बोटं दाखवली.